हा जागर कोणत्या देवाचा?

देवळातील जागर आपल्या वाचकांस नव्याने समजावून सांगावयास नको. वास्कोचा श्रीदामोदर भजनी सप्ताह घ्या. तेथे चोवीस तास भजन अखंड चालते, टाळ क्षणभरही थांबत नाही; परंतु चोवीस तास गाणारा असा एक गायक तेथे कोणी पाहिलेला नाही. पाळ्या ठरलेल्या असतात. एक मेळ उठतो, दुसरा बसतो, आणि उठलेला मनुष्य घरी जाऊन निजतो. त्याच्या निजण्याने सेवेत उणेपणा आला असे म्हणणारा महाजन अजून निपजावयाचा आहे. सेवा अखंड असावी, पण सेवेकऱ्याच्या शरीराला विसावा द्यावा, एवढा व्यवहार आपल्या पूर्वजांस कळत होता.

हे आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या पावसाळ्यात एका देवस्थानच्या अग्रशाळेत झालेला गुणगौरव समारंभ. वैद्यकीय शिक्षणास प्रवेश मिळालेल्या मुलामुलींस त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि देवाचा प्रसाद देण्यात आला. प्रमुख वक्ते भारदस्त गृहस्थ होते. त्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. कारण ते जे बोलले ते सभेतील बहुतेकांच्या मनात होते, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो. ते म्हणाले, हल्लीच्या डॉक्टरांस जरा काम पडले की नैराश्य येते, जरा कोणी बोलले की त्यांचे मन मोडते. आमच्या वेळी असली दुखणी नव्हती. डॉक्टर कोटणीसांचे उदाहरण देऊन त्यांनी विचारले की, त्या महात्म्याने चीनमध्ये रात्रंदिवस शस्त्रक्रिया करताना कोणाकडे झोपेचा हिशेब मागितला होता? शेवटी मुलांनी नित्य ध्यान करावे, स्तोत्रे म्हणावीत व मन खंबीर ठेवावे, असा त्यांनी उपदेश केला. भोजनाचा बेत उत्तम होता. आम्ही तृप्त होऊन घरी आलो.

तीन आठवड्यांनी आमच्या फोंड्याच्या कचेरीत दूरच्या नात्यातील एक भाची आली. ती गोव्याबाहेरच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात होती. तिच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे सर्व गाळून, हे लिहीत आहोत. आठ वर्षांपूर्वी त्याच अग्रशाळेत तिच्याही खांद्यावर शाल पडली होती. तिने वकिलास विचारावयाचा प्रश्न विचारला : जागा सोडली तर किती पैसे भरावे लागतील? आम्ही कागद मागितले. तिच्या पिशवीत तीन कागद होते. ते काढता काढता ती थांबली आणि म्हणाली, "मामा, म्हाका आनीक कांयच नाका, न्हीद जाय." त्या आठवड्यात ती एकदा छत्तीस तास सलग कामावर होती, आणि त्यानंतरच्या रात्री अंग मोडून आले असतानाही तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. जगण्याविषयी तिच्या तोंडून कोरड्या स्वरात जी दोन वाक्ये निघाली ती येथे लिहवत नाहीत. आम्ही वीस वर्षे वकिली करीत आहोत. माणूस कागद दाखवितो तेव्हा दुखणे बहुधा कागदाबाहेर असते, हे आम्हांस तिच्या बोलण्यापूर्वीच कळावयास हवे होते.

तेव्हापासून अग्रशाळेतील ते भाषण आमच्या कानांत घोळत आहे, आणि त्या टाळ्यांची आम्हांस लाज वाटते. म्हणून हा प्रतिवाद.

प्रथम कोटणीसांविषयी. सोलापूरच्या या सुपुत्राविषयी आमच्या मनातील आदर कोणाहून उणा नाही, आणि म्हणूनच त्यांच्या नावाचा कोणी चाबूक केलेला आम्हांस सोसवत नाही. कोटणीस 1938 साली चीनला गेले ते युद्धात. वर शत्रूची विमाने आणि खाली जखमींची रांग, अशा ठिकाणी पाळी बदलावयास दुसरा माणूस नसतो म्हणून पहिलाच उभा राहतो. त्या कष्टांची निवड त्यांनी स्वतः केली होती. आणि त्यांचा शेवट कसा झाला, हे वक्त्यांनी का सांगू नये? 9 डिसेंबर 1942 रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, अवघ्या 32 व्या वर्षी ते गेले. ज्या शहरात वीजही आहे, भरतीचे अधिकारही आहेत आणि अंदाजपत्रकही आहे, तेथल्या इस्पितळाने युद्धभूमीवरच्या अपवादास आपला रोजचा नियम करावा, आणि विचारणाऱ्या मुलीस हुतात्म्याची तसबीर दाखवावी, यात कोटणीसांचा गौरव नाही.

'आमच्या वेळी' ही जी पद्धत होती ती तरी अनादि आहे काय? डॉक्टराने इस्पितळातच राहून शिकावयाचे, ही शिक्षणाची घडी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात विल्यम हॉलस्टेड या थोर शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसविली. हे हॉलस्टेड प्रथम कोकेनच्या आणि पुढे मॉर्फीनच्या व्यसनात सापडलेले होते, ही गोष्ट आता इतिहासात नोंदलेली आहे. त्यांच्या व्यसनातून ही रीत निपजली असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्यापाशी नाही आणि पुराव्यावाचून बोलणे आमच्या धंद्यास शोभत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या शिस्तीपुढे आपण सनातन धर्मापुढे झुकावे तसे झुकतो ती एका माणसाने एका काळी घातलेली घडी आहे; आणि तो माणूसही आपल्या शरीरापुढे हरलेला होता.

आता कायद्याकडे वळू. 5 जून 1992 रोजी केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसंबंधी जे निर्देश काढले त्यांत सलग काम साधारणतः बारा तासांहून अधिक नसावे, आठवड्याचे काम साधारणतः 48 तासांचे असावे आणि पाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे म्हटले होते. 'साधारणतः' हा शब्द तेथे होता आणि 'कामाची निकड' हाही होता. कोणत्याही वकिलास विचारा, नियमाच्या भिंतीत अशी दोन भोके ठेवली की त्यांतून हत्ती जातो. पुढे 29 डिसेंबर 2023 रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे पदव्युत्तर शिक्षणाचे नवे विनियम राजपत्रात आले. तीस वर्षांचा अनुभव पदरी पडल्यावर भोके बुजतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात भिंतच काढून टाकली गेली. पदव्युत्तर विद्यार्थी पूर्ण वेळ निवासी डॉक्टर म्हणून 'वाजवी' तास काम करतील आणि त्यांस दिवसात 'वाजवी' विश्रांती मिळेल, असे आता तेथे लिहिलेले आहे. वर्षास किमान वीस दिवसांची नैमित्तिक रजा दिली आहे, तिचा आम्ही आदरपूर्वक उल्लेख करतो. पण तासांचा आकडा नाही.

वाजवी म्हणजे किती? या शब्दावर आम्ही न्यायालयात दिवसचे दिवस घालविले आहेत, आणि तेथे निदान न्यायाधीश असतो. रात्री तीन वाजता वॉर्डात न्यायाधीश नसतो. तेथे वाजवी काय ते विभागप्रमुख ठरवितो. आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधावर सही करणाराही तोच, परीक्षेस बसू देणाराही तोच. वादी, प्रतिवादी आणि पंच यांतील दोन खुर्च्यांवर एकच मनुष्य बसला असता तिसऱ्याने काय बोलावे?

कारखान्यात काम करणाऱ्यास 1948 च्या कायद्याने आठवड्याच्या 48 तासांची मर्यादा दिली. बस चालविणाऱ्यास 1961 च्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्याने दिवसाचे आठ तास दिले. हे कायदे आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाले असले तरी आठ तासांचा दिवस तेथे शाबूत आहे. चोर्ल्याच्या घाटात पेंगणारा ड्रायव्हर चाळीस माणसांस दरीत नेईल, हे सरकारास साठ वर्षांपूर्वीच उमगले. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी पेंगणारा डॉक्टर काय करील, हे उमगावयास आणखी किती वर्षे हवीत? 1997 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, चोवीस तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे, रक्तात दर 100 मिलिलिटरमागे सुमारे 100 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके चुकतात. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमाने हीच मर्यादा 30 मिलिग्रॅम ठरविली आहे. म्हणजे चोवीस तासांची ड्युटी संपवून स्कूटरवर बसलेल्या मुलीस पोलिसाने अडविले नाही, याचे कारण तिच्या तोंडाला वास नाही एवढेच. आणि त्याच अवस्थेत तासभरापूर्वी तिने आपल्यापैकी कोणाच्या तरी वडिलांच्या शिरेत सुई घातलेली असते.

यावर एक ठराविक उत्तर मिळते : हे कामगार नव्हेत, हे विद्यार्थी आहेत. उत्तम. विद्यार्थी आहेत तर त्यांच्यावाचून वॉर्ड एक दिवस चालवून दाखवावा. निवासी डॉक्टराचे कायद्याने वटवाघूळ केले आहे. सुट्टी मागितली की तो शिकाऊ विद्यार्थी, आणि रात्री कोणी उपलब्ध नाही असे झाले की तो जबाबदार नोकर. ज्या वर्गातील माणूस जेव्हा सोयीचा नसेल तेव्हा त्यास दुसऱ्या वर्गात ढकलावयाचे, ही युक्ती आम्ही जमीनजुमल्याच्या खटल्यांत पुष्कळ पाहिली आहे. कुळास गडी म्हणावयाचे आणि गड्यास पाहुणा.

आयोगाने स्वतः नेमलेल्या कार्यगटाचा अहवाल 2024 साली आला. पंचवीस हजारांहून अधिक पदवीपूर्व आणि पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्याच्या प्रश्नावलीस उत्तरे दिली. पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी 27.8 टक्क्यांनी आपणांस मानसिक आजार असल्याचे सांगितले. जीव द्यावा असा विचार मनात आल्याचे 16.2 टक्के पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी लिहिले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे प्रमाण 31.2 टक्के होते. उत्तरे स्वेच्छेने दिलेली आहेत, ज्यास दुखते तोच अधिक बोलतो, हा आक्षेप आम्ही वकिलीच्या सवयीने आधीच घेऊन ठेवतो. तो मान्य करून हे आकडे निम्म्यावर आणा. तरीही अग्रशाळेत शाल घेण्यास उभ्या राहणाऱ्या मुलांची रांग डोळ्यांपुढे आणून मोजावयास लागा, आणि बोट कोठे थांबते ते पाहा. माहितीच्या अधिकाराखाली आयोगानेच दिलेल्या उत्तरानुसार 2018 पासूनच्या पाच वर्षांत 64 पदवीपूर्व आणि 55 पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. ही एकशे एकोणीस घरे आहेत.

याच कार्यगटाने आठवड्याचे काम 74 तासांहून अधिक नसावे, असे सुचविले : एक पाळी चोवीस तासांची, पाच दिवस दहा-दहा तासांचे आणि एक दिवस सुट्टी. आम्ही त्यांची थट्टा करीत नाही. अनेक वॉर्डांत आज चौऱ्याहत्तर हा आकडाही सुखस्वप्न आहे, हे त्यांस ठाऊक असणार. परंतु 1992 साली 48 लिहिणाऱ्या राष्ट्रास 2024 साली 74 ही सुधारणा म्हणून मागावी लागते, यावरून मधल्या बत्तीस वर्षांत काय घडले ते कळावे. त्याच वर्षी 9 ऑगस्टला कोलकात्याच्या एका सरकारी इस्पितळात दीर्घ ड्युटीनंतर सभाकक्षात विश्रांती घेत असलेल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. देश हादरला आणि ते योग्यच होते. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दखल घेतली. छत्तीस तासांच्या ड्युट्या अमानुष आहेत असे त्या सुनावणीत न्यायासनावरून बोलले गेले. मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या, आणि छत्तीस तासांच्या ड्युट्या चालूच राहिल्या.

"डॉक्टर निजले तर रुग्णांस कोण पाहील?" हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यास बगल देणे योग्य नव्हे. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली अठरा वर्षांची एक मुलगी इस्पितळात दाखल केल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर देखरेख दीर्घ ड्युटीवर असलेल्या शिकाऊ डॉक्टरांची होती. तिचे वडील पत्रकार होते आणि वकीलही. त्यांनी आपला शोक त्या डॉक्टरांच्या डोक्यावर आपटून संपविला नाही. या मुलांस इतके तास राबविले कोणी, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि वर्षानुवर्षे विचारीत राहिले. 1989 पासून त्या राज्यात आठवड्यास 80 तास व सलग 24 तास अशी मर्यादा आली. 2003 पासून ती अमेरिकेतील सर्व प्रशिक्षणसंस्थांस लागू झाली. ऐंशी तास म्हणजे काही चैन नव्हे. पाळी बदलताना निरोप चुकतो, एकाचे अर्धवट काम दुसऱ्याच्या लक्षात येत नाही, हा तिकडच्या डॉक्टरांचा आक्षेप खरा आहे. परंतु निरोप चुकत असेल तर तो नीट लिहावयास शिकवावे लागते, निरोप देणाऱ्यास जागे ठेवून तो सुटत नाही. दामोदराच्या सप्ताहात एका मेळाचा अभंग दुसरा मेळ उचलतो तो सूर न सोडता. एवढे कौशल्य ज्यांना झांज घेऊन साधते त्यांच्या लेकरांना केसपेपर घेऊन साधणार नाही, हे आम्हांस पटत नाही. रिक्त जागा भराव्यात, पाळ्या वाढवाव्यात, त्यासाठी पैसा लागेल तो मोजावा. पैसा नाही असे म्हणणाऱ्यांनी निदान एवढे कबूल करावे की, तो खर्च आज तरुण पोरांच्या शरीरांतून वसूल होत आहे.

भाचीचा पहिला कागद होता जागा सोडण्याविषयीच्या बंधपत्राचा. प्रवेश घेताना तिने आणि तिच्या वडिलांनी त्यावर सह्या केल्या होत्या. मधेच शिक्षण सोडल्यास भरावयाची रक्कम लाखांत होती. या बंधपत्रांविषयी आमचे मत कडक आहे. 1872 च्या करार कायद्याच्या 74 व्या कलमाखाली करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणजे तो मिळतोच असे नाही; न्यायालय त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी देते. सरकारची जागा वर्षभर रिकामी राहते, शिकविण्याचा खर्च वाया जातो, हे नुकसान आम्ही नाकारीत नाही. परंतु जो आकडा भरपाईसाठी नसून दार बंद करण्यासाठी घातलेला आहे, तो करार नव्हे, कुलूप आहे. आत आग लागलेली असताना बाहेरून घातलेले कुलूप. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेच जानेवारी 2024 मध्ये राज्यांस कळविले की ही पद्धत बंद करावी आणि फार तर जागा सोडणाऱ्यास एका वर्षासाठी प्रवेशबंदी करावी. हा उपदेश ज्यांनी ऐकला त्यांचे अभिनंदन. भाचीच्या महाविद्यालयाचा कागद जसाच्या तसा होता.

दुसरा कागद एका मानसोपचारतज्ज्ञाचा होता. तो तिने चार महिने कोणासही दाखविला नव्हता. आपल्याच महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात ती गेली नाही. कारण तेथे तिचे शिक्षक, तिचे सोबती आणि उद्याचे परीक्षक. पन्नास किलोमीटरवरच्या गावी, नाव बदलून नव्हे पण आडनाव गाळून, तिने औषध लिहून घेतले. जी मुलगी रोज शंभर माणसांस सांगते की, आजार लपवू नका, तिने आपला आजार चोरासारखा लपविला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 23 वे कलम रुग्णास गोपनीयतेचा हक्क देते. पण एकाच छताखाली निजणाऱ्या, जेवणाऱ्या आणि परीक्षा देणाऱ्या माणसांत हा हक्क कागदावरच राहतो. म्हणून प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयास आपल्या विद्यार्थ्यांच्या उपचारासाठी दुसऱ्या संस्थेशी बांधून घेण्यास भाग पाडावे, अशी आमची मागणी आहे.

तिच्या वडिलांस भय होते ते पोलिसांचे. 'मुलीच्या तोंडून तसले काही निघाले तर खटला होतो ना, वकीलसाहेब?' त्यांस आम्ही जे सांगितले ते सर्वांसाठी येथे लिहितो. मनात आलेला विचार बोलून दाखविणे हा गुन्हा कधीच नव्हता. जीव देण्याच्या प्रयत्नास 1860 च्या दंडसंहितेचे 309 वे कलम शिक्षा देत असे. 2017 च्या कायद्याच्या 115 व्या कलमाने असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावयास सांगितले आणि शासनावर त्याच्या शुश्रूषेचे कर्तव्य घातले. आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या न्याय संहितेत ते जुने कलमच उरले नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमाखाली येतो. तेव्हा घरात कोणी असे बोलले तर प्रथम वकिलाकडे धावू नका. त्याच्याजवळ बसा, त्यास एकटे सोडू नका, आणि डॉक्टराकडे न्या. 14416 हा सरकारचा टेलि-मानसचा क्रमांक 2022 पासून दिवसरात्र चालू आहे. आपल्याकडे बांबोळीस मनोरुग्णालय आहे. त्या इमारतीचे नाव घेतले की आपले लोक आवाज खाली करतात. संमोहनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ज्याची गणना होते तो आब्बे फारिया कांदोळीस जन्मलेला, त्याचा पुतळा पणजीत भर रस्त्यावर उभा. आणि मनाच्या आजाराचे नाव घेण्यास लाजणारे आपण त्याच गावचे!

ध्यान आणि स्तोत्रे यांविषयी आमच्या वाचकांत गैरसमज नको. आम्ही स्वतः रोज देवापुढे बसतो, आणि त्या बसण्याने आम्हांस बळ येते. देवापुढे गाऱ्हाणे घालणाऱ्या बापास हसण्याचा अधिकार कोणास नाही. कौल लावावा, प्रसाद घ्यावा, आणि मग औषधही घ्यावे. आमचा राग आहे तो देवाचे नाव पुढे करून आपली जबाबदारी झटकणाऱ्यांवर. छत्तीस तास उपाशी-जागे ठेवलेल्या माणसास दहा मिनिटांचे ध्यान शिकविणे म्हणजे भाडे न देता कुळास समाधानाचे प्रवचन देणे. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निर्णयात मानसिक आरोग्य हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेस किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. तो खटला विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा होता. समुपदेशक नेमावाच, परंतु समुपदेशकाच्या खोलीबाहेर ड्युटीचा तक्ता तोच लटकत असेल तर त्या बिचाऱ्याने काय करावे?

येथवर सरकार आणि महाविद्यालये यांच्यावर बोट ठेवणे सोपे गेले. आता उरलेली बोटे. 2025 च्या जून महिन्यात बांबोळीच्या इस्पितळातील कॅज्युअल्टीत मंत्रिमहोदयांनी एका ज्येष्ठ डॉक्टरांस कॅमेऱ्यांदेखत खडसावले आणि निलंबनाचा हुकूम तेथेच उच्चारला. मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी निलंबन होणार नाही असे जाहीर केले, डॉक्टर रस्त्यावर आले, मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. आपण सर्वांनी त्या वेळी मंत्र्यांस नावे ठेवली. परंतु त्यांस तो स्वर शिकविला कोणी? खाट मिळाली नाही की आमदाराला फोन लावणारे आपण; रांगेत उभे राहणे अपमानाचे मानणारे आपण; वॉर्डातल्या पोरसवदा डॉक्टरास 'तुझ्या वरच्या माणसास बोलव' म्हणणारे आपण. आणि घरी? मुलगी एमबीबीएस झाली की तिच्या स्थळासाठी आलेल्या मंडळींस तिचा हुद्दा सांगतो, तिची झोपेची गोळी लपवितो. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य भाचीच्या आईने आमच्यासमोर तीनदा उच्चारले. ती वाईट बाई नाही, तिने आपल्या आईकडून ऐकलेले तेच बोलली.

तिसरा कागद आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. तो त्याच देवस्थानच्या शिष्यवृत्तीचा होता. अटींतील सहावे कलम असे : 'अभ्यासक्रमात कोणत्याही कारणाने खंड पडल्यास तोवर दिलेली संपूर्ण रक्कम विद्यार्थ्याने वा पालकाने एकरकमी परत केली पाहिजे.' भाषा ओळखीची वाटली. वाटणारच, 2011 साली समितीच्या विनंतीवरून, एक पैसाही न घेता, तो मसुदा आम्हीच करून दिला होता, आणि 'कोणत्याही कारणाने' हे शब्द बिनतोड जमले म्हणून तेव्हा स्वतःवर खूश झालो होतो. रक्कम बंधपत्राच्या मानाने लहान होती. परंतु भाचीने सांगितले की, तिला रात्री आठवे ते हेच. सरकारचे देणे कोणीही बुडवील, देवाचे कसे बुडवावयाचे?

तिने जागा सोडली नाही. तज्ज्ञांचा दाखला जोडून तिने चार महिन्यांची रजा घेतली. ती मंजूर करवून घेण्यास आम्हांस दोन नोटिसा पाठवाव्या लागल्या. पहिले काही दिवस ती आमच्या घरी मागच्या खोलीत नुसती निजली. औषध चालू आहे. परत जावयाचे की नाही ते तिने अजून ठरविलेले नाही, आणि घरात कोणी विचारीत नाही.

सहाव्या कलमात दुरुस्ती करण्याची आमची नोटीस महाजनांच्या येत्या वार्षिक सभेसाठी सचिवांच्या हाती गेली आहे. एका सभासदांनी आताच विरोध कळविला आहे : अशी सूट दिली तर उद्या सगळेच आजारी पडतील. त्यांस आम्ही सभेत उत्तर देऊ. प्रस्तावित कलम असे आहे : 'शरीराच्या वा मनाच्या आजारामुळे विद्यार्थ्याने रजा घेतल्यास अथवा शिक्षण सोडल्यास शिष्यवृत्तीची कोणतीही रक्कम परत मागितली जाणार नाही, रजेच्या काळात ती पूर्ववत चालू राहील, आणि आजाराचे स्वरूप विचारण्याचा अधिकार समितीस असणार नाही.'